मेस्त्री, पेंटर आणि ‘हात’ : कोल्हापूरच्या एका चित्रशाळेच्या शैलीची घडण

संगीताच्या क्षेत्रात ‘घराणे’ हा शब्द आपण सहज वापरतो. गायकाची तालीम कोठे झाली, आवाज लावण्याची पद्धत कोणाची, ताना कोणत्या वळणाच्या, हे सारे त्या एका शब्दात येते. चित्रकलेविषयी बोलताना मात्र हा शब्द आपल्या तोंडी येत नाही. चित्रकार म्हटला की तो एकटा, स्वयंभू आणि शक्य तर थोडा उपेक्षित असावा, अशी आपली समजूत झालेली आहे. आणि शैली म्हणजे त्या एकट्या माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा, हे सूत्र वाङ्मयाच्या वर्गातून आपण चित्रांनाही लावीत आलो आहोत. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, चित्रकला नव्हे. तरीही या सूत्राविषयी त्याला संशय आहे. भाषा कोणा एकाची नसते, आणि शैलीही पुष्कळदा नसते. एखाद्या कुटुंबाच्या कामाच्या जागेत, गिऱ्हाइकाच्या मागणीखाली आणि अनेकांच्या हातून शैली कशी घडते, हे पाहण्यासाठी कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्याचे उदाहरण येथे घेतले आहे.

प्रारंभ नावापासूनच करावा लागेल. बाबूराव पेंटर या नावाने जे प्रसिद्धीस आले, ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म १८९० साली कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव सुतारकाम व मूर्तिकाम करणारे कसबी कारागीर होते. ‘मेस्त्री’ किंवा ‘मिस्त्री’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज ‘मेस्त्र’ या शब्दावरून आला, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘मागिस्तेर’ या शब्दात आहे. याच लॅटिन शब्दापासून इटालियन भाषेत ‘माएस्त्रो’ हा शब्द झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत फ्लॉरेन्स व व्हेनिस येथील चित्रशाळांच्या प्रमुखाला याच शब्दाने संबोधीत. तेव्हा कोल्हापूरचा मेस्त्री आणि व्हेनिसचा माएस्त्रो हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकाच कुळातले आहेत. व्युत्पत्तीवरून वस्तुस्थिती सिद्ध होत नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. परंतु येथे शब्दांचे नाते आणि व्यवसायांचे नाते एकाच दिशेने जाते, एवढे खरे. दोन्ही शब्दांत हाताने काम करणारा, हाताखाली माणसे बाळगणारा आणि ठरलेल्या मुदतीत माल पुरा करून देणारा असा मनुष्य अभिप्रेत आहे.

‘मेस्त्री’चे ‘पेंटर’ होणे हे दुसरे पाऊल. चित्रे काढणाऱ्यासाठी मराठीत शब्द नव्हता असे नाही. गोमंतकात व सावंतवाडीकडे ‘चितारी’ हा शब्द होता व आहे. तो लाकडावर, मूर्तींवर आणि गंजिफांवर रंगकाम करणाऱ्यांचा जातिवाचक व व्यवसायवाचक शब्द. ‘चित्रकार’ हा संस्कृत वळणाचा शब्द शाळेत कला शिकलेल्यांकडे झुकला. ‘पेंटर’ या दोहोंच्या मधला. तैलरंग, छायाप्रकाश आणि दूर जाणारे रस्ते रंगवणे ही नवी विद्या मला येते, असे तो सुचवतो. परंतु ही विद्या आपण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलो, असा दावा तो करीत नाही. आनंदराव व बाबूराव या दोघा भावांना (ते सख्खे भाऊ नव्हेत) हा शब्द तंतोतंत लागू पडत होता. दोघांनाही औपचारिक कलाशिक्षण मिळालेले नव्हते. त्याच कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारखे जे. जे. मध्ये शिकलेले, दरबारी आश्रय लाभलेले चित्रकार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘पेंटर’ या बिरुदामागील नम्रता आणि ताठा दोन्ही कळतात.

आता थोडे व्हेनिसकडे वळू. कारण कुटुंबाच्या चित्रशाळेत शैली कशी चालत राहते याचा लेखी पुरावा तेथे चांगला आहे. याकोपो बेल्लिनी याने दोन मोठ्या वह्या रेखाटनांनी भरून ठेवल्या होत्या. त्यांपैकी एक आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात व दुसरी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. याकोपोच्या विधवेने १४७१ साली केलेल्या मृत्युपत्रात चित्रशाळेतील रेखाटने थोरला मुलगा जेंतिले याला दिली. त्याने १५०७ साली मरताना वडिलांची वही धाकट्या जोव्हान्नीला ठेवली, परंतु अटीवर : अलेक्झांड्रियातील संत मार्कच्या प्रवचनाचे आपले अपुरे चित्र जोव्हान्नीने पुरे करावे. जोव्हान्नीने ते पुरे केले. ते भव्य चित्र आज मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. शैली ही येथे शेतजमिनीसारखी वाटणीत येते, मृत्युपत्रात लिहिली जाते, आणि तिच्यावर कर्जही असते.

दुसरे उदाहरण बास्सानो या गावातील दाल पोंते कुटुंबाचे. ‘पोंते’ म्हणजे पूल. पुलाजवळ राहणारे ते दाल पोंते. आपल्याकडील आडनावांची घडण यापेक्षा वेगळी नाही. पुढे जग त्यांना गावाच्या नावानेच ओळखू लागले. थोरला फ्रांचेस्को, त्याचा मुलगा याकोपो (मृत्यू १५९२) आणि याकोपोचे चार मुलगे असा हा तीन पिढ्यांचा प्रपंच. त्यांची एक हिशोबवही उपलब्ध आहे. तिच्यात चर्चसाठी केलेल्या मोठ्या चित्रांबरोबर मिरवणुकीची निशाणे आणि किरकोळ सजावटीची कामेही नोंदलेली आहेत. याकोपोने बायबलातील प्रसंग गुरेमेंढरे, भांडीकुंडी आणि रात्रीची शेकोटी यांच्यासह रंगवण्याची जी रीत बसवली, तिला इतके गिऱ्हाईक मिळाले की मुलांना तीच ती चित्रे पुनःपुन्हा करावी लागली. वाकलेला मेंढपाळ, पाठमोरी बसलेली स्त्री, मान वळवलेली गाय अशा सुट्या आकृती एका चित्रातून उचलून दुसऱ्यात बसवीत. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. थोडी पदे व थोडे नियम यांतून असंख्य वाक्ये निघतात, तसाच हा प्रकार. काही चित्रांवर बाप व मुलगा अशा दोघांची जोडसही आहे. ती पाहून चित्र नक्की कोणाचे हे ठरवण्यात पंडितांनी आयुष्ये वेचली. एकोणिसाव्या शतकात मोरेल्ली नावाच्या इटालियन अभ्यासकाने कान व नखे कशी काढली आहेत यावरून चित्रकाराचा ‘हात’ ओळखण्याची पद्धतच घालून दिली.

या ‘हात’ शब्दाकडे पुन्हा येऊच. प्रथम कोल्हापूरच्या पडद्यांकडे जाऊ.

किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरच्या चार दशकांत संगीत नाटक मंडळ्यांचा जो विस्तार झाला, त्याबरोबर रंगवलेल्या पडद्यांची मागणी वाढत गेली. रस्ता, जंगल, राजवाडा, बाग, तुरुंग असे ठरीव पडदे प्रत्येक मंडळीच्या सामानात असत. गावोगाव फिरताना ते गुंडाळून बैलगाडीत व आगगाडीत टाकावे लागत. आनंदराव व बाबूराव हे सुमारे १९१० ते १९१६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातील अग्रगण्य पडदे रंगवणारे मानले जात. कोल्हापुरात शाहू छत्रपतींचा कलांना आश्रय होता. १९१५ साली तेथे पॅलेस थिएटर उभे राहिले. (पुढे त्यालाच केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले.) नाटकवेड्या शहरात पडदा रंगवणाऱ्या मेस्त्रीला काम कमी पडण्याचे कारण नव्हते.

पडदा ही वस्तू कशी असते, हे नीट पाहिले पाहिजे. कारण शैलीचे निम्मे रहस्य तेथे आहे. जाड सुती कापडाच्या पट्ट्या शिवून मोठे कापड करावयाचे, त्यावर सरस व खडूची खळ द्यावयाची आणि सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी रंगवावयाचे, ही त्या कामाची सर्वसाधारण रीत. हे रंग ओले असताना गडद दिसतात व वाळल्यावर फिके पडतात. म्हणजे रंगवणाऱ्याला समोर दिसणाऱ्या रंगावर नव्हे, तर उद्या दिसणार असलेल्या रंगावर विश्वास ठेवून काम करावे लागते. थर जाड झाला तर गुंडाळताना त्याचे पोपडे निघतात. म्हणून रंग पातळ हवा. कापड एवढे मोठे की एकट्याने वेळेत पुरे होणे शक्य नाही. म्हणून आकाश एकाने, झाडोरा दुसऱ्याने, खांबांवरील नक्षी तिसऱ्याने, अशी वाटणी अपरिहार्य. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, पडद्यात मुख्य माणूसच नसतो. तो प्रयोगाच्या वेळी समोर येऊन उभा राहणार असतो. त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवून, त्याच्या अंगावर पडणाऱ्या दिव्याच्या उजेडाशी जुळेल असा उजेड कापडावर रंगवावयाचा, ही पडदा रंगवणाऱ्याची खरी परीक्षा.

येथे एक स्वतःची आठवण सांगण्याचा मोह होतो. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्री या आमच्या गावी गणेशोत्सवात नाटक व्हावयाचे आणि भाड्याने आणलेला एक रस्त्याचा पडदा मागे लागावयाचा. मुलांना बसावयास जागा अगदी कडेला. तेथून तो रस्ता विचित्र वाकलेला दिसे. घरे एका अंगावर कलंडलेली वाटत. एकदा मध्यंतरात मी मधल्या वाटेने मागे गेलो, तो काय? रस्ता सरळ! दोन्ही बाजूंची झाडे लहान लहान होत थेट क्षितिजाला भिडलेली. गावातील दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटरकाका तेथे उभे होते. ते म्हणाले, “हा पडदा पैसे देणाराच्या खुर्चीतून रंगवेल हाय, पोरा.” यथार्थदर्शनाच्या सिद्धान्तावर पुढे बरेच वाचले; त्यात या वाक्यापेक्षा नेमके असे थोडेच सापडले.

आनंदराव-बाबूरावांच्या चित्रशाळेची जी शैली पुढे ‘कोल्हापूरची’ म्हणून ओळखली गेली, तिची लक्षणे या कामाशी ताडून पाहावीत. बाबूरावांच्या तैलचित्रांत भडक रंग टाळलेले असतात. छटा एकमेकींत विरघळतात. कडा तीक्ष्ण नसतात. सगळ्या चित्रावर एक धूसर, मंद प्रकाश पसरलेला असतो. रसिकांनी हे चित्रकाराच्या स्वभावाचे प्रतिबिंब मानले आहे. स्वभाव असेलही. परंतु सरसाचा रंग वाळल्यावर जो फिका, मऊ उजेड देतो, तो ज्याने हातरुंद पट्ट्यांनी वर्षानुवर्षे पसरला, त्याच्या डोळ्याला तोच उजेड खरा वाटू लागणे स्वाभाविक नाही काय? हे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच मांडतो. मात्र या अनुमानाने एक गोष्ट उलगडते : ही शैली शिकवता येण्याजोगी का होती. स्वभाव शिकवता येत नाही. रंग कालवण्याचे प्रमाण, उजेडाची दिशा आणि मोकळी जागा कोठे सोडावयाची हे शिकवता येते.

आणि शिकणारे आले. पेणचे विष्णुपंत दामले आले, कागलचे शेख फत्तेलाल आले. रक्ताचे नाते नाही, जात एक नाही, धर्म एक नाही. पुढे ‘प्रभात’च्या दिवसांत हे दोघे ‘दामलेमामा’ व ‘साहेबमामा’ म्हणून ओळखले जात. नातेवाचक शब्दांचा हा विस्तार भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठा बोलका आहे. बेल्लिनींनी आंद्रेआ मान्तेन्या या गुणी तरुणाला मुलगी देऊन घरात घेतले होते. आपल्याकडे तो मार्ग जातिधर्मामुळे बंद होता. भाषेने दुसरा उघडला.

शैलीची खरी कसोटी १९१६ साली लागली. चलच्चित्रांच्या वेडाने या दोघा भावांना घेरले होते, आणि स्वतःचा कॅमेरा बनवण्याच्या खटपटीत असतानाच आनंदराव वारले. योगायोग असा की सोस्यूर यांची व्याख्यानेही त्यांच्या मृत्यूनंतर, शिष्यांनी जुळवून, त्याच वर्षी प्रसिद्ध केली. भाषेत सुट्या घटकांना स्वतंत्र मोल नसते, एकमेकांशी असलेल्या संबंधांतून ते येते, हे त्या व्याख्यानांचे सार. कोल्हापुरात पुढे जे घडले ते वाचताना मला या विचाराची वारंवार आठवण होते. बाबूराव व दामले यांनी १९१८ साली कॅमेरा चालता केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. आता रंगच राहिला नव्हता. सरसाचा मऊ उजेड, विरघळणाऱ्या छटा, सारे साहित्य हातचे गेले. उरले ते केवळ काळ्या-पांढऱ्याचे नाते. एरवी एखाद्या चित्रशाळेचा येथे शेवट झाला असता.

तसा तो झाला नाही, आणि त्याचे कारण माझ्या मते असे की बाबूरावांनी सर्वांत आधी स्वतःचा मूळ धंदाच मोडला. पडदे रंगवून नाव मिळवलेल्या या माणसाने चित्रपटात रंगवलेले पडदे काढून टाकले आणि त्यांच्या जागी खरोखर आत-बाहेर करता येईल असे घन नेपथ्य उभे केले. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची व वेशभूषेची रेखाटने स्वतः करीत. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पूर्वी कापडावर रंगवावयाचा उजेड आता दिव्याने पाडावयाचा. माणसासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत आता माणूस खराच उभा. घटक सगळे बदलले, संबंध तेच राहिले. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) आज उपलब्ध नाही. परंतु ज्यांनी त्याची पुढची बोलपट आवृत्ती पाहिली त्यांच्या स्मरणात अंधारी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे राहिले. तो आवाज प्रेक्षकाला आयुष्यभर ऐकू यावा, हे काम उजेड आणि काळोख यांच्या मांडणीचेही. 

चित्रपटांच्या जाहिरातींची भित्तिचित्रेही बाबूराव स्वतः रंगवीत; ‘कल्याण खजिना’चे (१९२४) भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या भारतीय भित्तिचित्रांत फार जुने म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. दाल पोंते कुटुंबाच्या हिशोबवहीतील निशाणे येथे आठवावीत. मोठे काम आणि किरकोळ काम असा भेद अशा चित्रशाळांत नसतो, निदान हिशोबात नसतो.

बास्सानोच्या मुलांचे असे झाले नाही. त्यांना बाजार मोठा मिळाला. धाकटा फ्रांचेस्को व्हेनिसमध्ये दुकान थाटून बसला. पण माध्यम तेच, विषय तेच, गिऱ्हाईकही तेच मागणारे. याकोपो १५९२ साली वारला, त्याच वर्षी फ्रांचेस्कोचाही अंत झाला. उरलेल्या भावांनी बापाच्या आकृती पुनःपुन्हा गिरवल्या. त्या हीन आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या सुभाषितासारख्या झाल्या, बोलण्यासारख्या राहिल्या नाहीत.

कोल्हापूरची मंडळी पांगली ती वेगळ्या रीतीने. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ साली ‘प्रभात’ काढली. फत्तेलालांकडे नेपथ्य, दामल्यांकडे बोलपटाच्या काळात ध्वनिमुद्रण, ही वाटणी म्हणजे जुन्या ‘आकाश एकाने, झाडोरा दुसऱ्याने’ या पद्धतीचाच पुढचा अवतार. या दोघा मामांनी मिळून दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात १९३७ साली गौरवला गेला. बेल्लिनींच्या गावी पेंटरांच्या शिष्यांची पाठ थोपटली गेली, हा इतिहासाचा छोटासा विनोद मला फार आवडतो. त्या चित्रपटातील देहूचे घर, ओसरी, उन्हाची तिरीप पाहताना मन पुनःपुन्हा पडद्याकडे जाते. तुकारामाच्या बाजूला किती जागा मोकळी सोडली आहे, ते पाहावे.

राहता राहिला प्रश्न आनंदरावांचा. आज ग्रंथांत, स्मारकांत, व्याख्यानांत नाव येते ते बाबूरावांचे. ते १९५४ पर्यंत जगले, चित्रे काढली, शिल्पे केली, ‘कलामहर्षी’ ठरले. आनंदराव स्वतःचा चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच गेले, आणि पडदा ही वस्तू जपून ठेवण्यासाठी केलेलीच नसते. दोघांनी मिळून रंगवलेल्या कामात कोणाचे काय, हे मोरेल्लीच्या पद्धतीने शोधू म्हटले तर जंगलाच्या पडद्याला ना कान ना नखे. शैली बाबूरावांची, आनंदराव तिचे साहाय्यक, असे लिहून मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तेच केले. मला हे अन्याय्य वाटते. केवळ एका मृत माणसावरचा अन्याय म्हणून नव्हे. त्यामुळे ही शैली मुळात कशी झाली हेच आपल्याला चुकीचे कळते.

येथे रंगाऱ्यांच्या बोलीतील ‘हात’ उपयोगी पडतो. इटालियन चित्रांच्या अभ्यासकांचा ‘हात’ म्हणजे एका व्यक्तीची खूण. आपल्या पेंटरांच्या तोंडी ‘हात’ म्हणजे रंगाचा एक थर : “पहिला हात दिला, वाळू द्या, उद्या दुसरा हात मारू.” या अर्थाने एका चित्राला तीन-चार हात असतातच, आणि वरच्या हाताखाली खालचा हात दिसत नसला तरी तो नसता तर वरचा टिकलाच नसता. चित्रशाळेच्या शैलीचे वर्णन करण्यास हा दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे माझे मत आहे. आपल्या कलासमीक्षेने तो स्वीकारलेला नाही, कारण तो कारागिरांच्या बोलीत राहिला.

ती बोली आज वेगाने चालली आहे. छापील फलक स्वस्त झाल्यापासून गावोगावच्या पेंटरांचे काम संपले. आमच्या उंद्रीच्या पेंटरकाकांनी मागच्या दिवाळीत माळ्यावरून एक गाठोडे काढून दाखवले. त्यात ओळीने भोके पाडलेले कागद होते. यांना ते ‘खाका’ म्हणत. तो भिंतीवर धरावयाचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटावयाची, म्हणजे आकृती ठिपक्यांनी खाली उतरते. इटालियन चित्रशाळांत हेच करीत, आणि त्या कृतीला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव आहे, असे मी सांगितले. त्यांना त्याचे विशेष वाटले नाही. गाठोड्यातला एक गणपती त्यांच्या गुरूचा होता. भोके झिजून मोठी झाली होती, म्हणून त्यावरून त्यांनी नवा पाडून घेतला होता आणि सोंडेचे वळण थोडे बदलले होते. का बदलले, असे विचारले. ते म्हणाले, जुन्या वळणाला दुसरा हात नीट बसत नव्हता.